येणाऱ्या भाषांपैकी एक देऊन दुसरी घेता आली, तर आपण कोणती द्याल?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेले काही महिने एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे आणि भाषा शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या किंवा केवळ भाषांवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी त्याचे गांभीर्याने उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. आपल्याला येणाऱ्या भाषांपैकी एक कायमची देऊन टाकायची आणि तिच्या बदल्यात न येणारी एखादी भाषा घ्यायची, असे शक्य झाले तर आपण ते कराल का? कराल तर कोणती भाषा द्याल आणि कोणती घ्याल?

अदलाबदल काल्पनिक असली तरी तिच्या अटी स्पष्ट असाव्यात, नाहीतर उत्तरे सैल राहतील. दिलेली भाषा पूर्णपणे जाईल. बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे यांपैकी काहीच उरणार नाही आणि पुढे ती कधी कानावर पडलीच, तर आयुष्यात प्रथमच ऐकलेल्या भाषेइतकी परकी वाटेल. त्या भाषेतून मिळवलेले ज्ञान आणि तिच्यातल्या संभाषणांच्या आठवणी राहतील, पण शब्द जातील. जुनी भाषा जितकी येत होती तितकीच नवी येईल, म्हणजे जेमतेम येणारी भाषा देऊन अस्खलित भाषा मागता येणार नाही. आणि एकदा केलेला बदल मागे घेता येणार नाही.

मला मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जर्मन या चार भाषा येतात. जर्मन मी तरुणपणी शिकलो. तांत्रिक कागदपत्रांची भाषांतरे हे बरीच वर्षे माझ्या उपजीविकेचे साधन होते आणि आजही एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका मी शब्दकोशाला हात न लावता वाचू शकतो. ते काम आता जवळजवळ थांबले आहे, कारण तशा मजकुराचा पहिला खर्डा यंत्रच तयार करते आणि माणसाच्या वाट्याला फक्त तपासणी येते. जर्मन साहित्य मी फारसे वाचलेले नाही. त्या भाषेत मी कधी कोणाशी भांडलो नाही, की कोणाचे सांत्वन केले नाही. याउलट फारसी मला अजिबात येत नाही, पण तिची ओढ फार जुनी आहे. फारसी गझलांची भाषांतरे वाचताना अर्थ हाती लागतो, परंतु प्रत्येक शेराच्या शेवटी तोच रदीफ, म्हणजे तेच शब्द, परत येतो, त्याच्या आधीचा काफिया, म्हणजे यमक, दर वेळी नव्या शब्दाने जुळतो आणि ऐकणारा त्या जुळणीची वाट पाहत राहतो, ते भाषांतरात क्वचितच उतरते. मला ते मुळातून ऐकायचे आहे.

त्यामुळे माझा कल जर्मन देऊन फारसी घेण्याकडे आहे. तरीही प्रत्यक्ष ‘दिली’ असे म्हणायची वेळ आली, की मन कचरते, आणि जिचा उपयोग संपला आहे अशा भाषेबद्दल ते का कचरावे, हे मला नीट उलगडत नाही. आपण काय कराल, आणि का?

प्रतिसाद १

मी हा बदल लगेच करीन. फ्रेंच देईन आणि भारतीय सांकेतिक भाषा घेईन.

फ्रेंच मी शाळेपासून पदवीपर्यंत शिकले, गुण चांगले मिळवले आणि वर्तमानपत्र वाचण्याइतकी ती मला येते. मात्र त्या भाषेत मी ज्याच्याशी बोलेन असा एकही माणूस माझ्या आयुष्यात नाही. माझ्या भावाची मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे आणि तिची भाषा सांकेतिक आहे. घरातली सगळी माणसे एकत्र बसलेली असतात, गप्पा रंगतात, कोणीतरी काही बोलते आणि सगळे हसतात. ती तिच्या आईच्या हाताला स्पर्श करून ‘काय झाले?’ असे विचारते आणि तिला बहुतेक वेळा ‘नंतर सांगते’ असे उत्तर मिळते. नंतर जे सांगितले जाते ते एका वाक्यात आटोपलेले असते आणि त्यावर हसण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की, तुमच्या अदलाबदलीतले माझ्या बाजूचे उत्तर मला शोधावे लागले नाही.

या चर्चेत सांकेतिक भाषेचे नाव घेणे कोणाला अप्रस्तुत वाटू नये, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ही बोलभाषेची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण असते. भाषाभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून भाषाशास्त्राने या भाषांना भाषा म्हणून गंभीरपणे अभ्यासायला सुरुवात केली. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जाते, पण तेथील कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषा एकमेकांना समजत नाहीत. उलट अमेरिकन सांकेतिक भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, कारण १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे सुरू झालेल्या शाळेत शिकवायला लोराँ क्लेर हे कर्णबधिर शिक्षक पॅरिसहून आले होते. म्हणजे या भाषांनाही आपापली वंशावळ आहे आणि ती शेजारच्या बोलभाषेवर अवलंबून नाही.

तुमची तिसरी अट मला विशेष महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्र वाचता येण्याइतकी फ्रेंच देऊन त्याच पातळीची सांकेतिक भाषा मिळाली, तर भाचीच्या मनातले बरेचसे मला तिच्याच गतीने समजेल. त्याबदल्यात फ्रेंच गेली तर मला वाईट वाटेल, पण कोणाशी बोलणे तुटल्यामुळे ते वाटणार नाही.

प्रतिसाद २

मी भाषा शिकवतो आणि द्विभाषिकतेच्या अभ्यासाशी माझा जवळून संबंध आहे. वरील दोन्ही लेखनांमागची कळकळ मला पोहोचली. तरी प्रश्नकर्त्यांच्या पहिल्या अटीबद्दल मला शंका आहे. त्या अटीत असे गृहीत धरले आहे की डोक्यातली एक भाषा बाकीच्या भाषांना धक्का न लावता वेगळी काढता येते. आजवर जे संशोधन झाले आहे ते साधारणपणे याच्या उलट दिशेने जाते, आणि मन का कचरते या तुमच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तेथे आहे, असे मला वाटते.

विओरिका मारियन आणि मायकेल स्पायव्ही यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या माणसांसमोर काही वस्तू मांडल्या होत्या आणि त्यांचे डोळे कोठे वळतात हे टिपले जात होते. रशियनमध्ये त्यांना टपालाचे तिकीट उचलायला सांगितले. तिकिटासाठीचा रशियन शब्द ‘मार्का’ असा आहे, आणि तो कानावर पडताच अनेकांची नजर क्षणभर शेजारी ठेवलेल्या मार्कर पेनाकडे गेली. संभाषण पूर्णपणे रशियनमध्ये चालले असताना, इंग्रजीची काहीही गरज नसताना, इंग्रजी शब्दसंग्रह आपणहून जागा होत होता. म्हणजे आपण एक भाषा बोलत असतो तेव्हा दुसरी बंद नसते, तीही ऐकत असते. तुम्ही इंग्रजी वाचता तेव्हा तुमची जर्मन काहीच करत नसेल, असे समजू नका.

आता भाषा नाहीशी होण्याकडे येतो, कारण तेही प्रत्यक्षात घडते. लहानपणी कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या आणि त्यानंतर कोरियन भाषेशी संबंध न राहिलेल्या प्रौढांचा अभ्यास क्रिस्तोफ पालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली काही मुले आठ वर्षांपर्यंत कोरियन बोलत मोठी झाली होती. तरीही मोठेपणी त्यांना इतर परक्या भाषांतून कोरियन वाक्ये वेगळी ओळखता आली नाहीत, आणि ती ऐकताना त्यांच्या मेंदूचे चित्र मूळ फ्रेंच भाषकांहून वेगळे दिसले नाही. प्रश्नकर्त्यांनी घातलेली अट जवळजवळ शब्दशः पूर्ण झाल्यासारखी ही गोष्ट आहे.

पण पुढचे दोन अभ्यास यासोबत वाचावेत. चीनमधून तान्ह्या वयात कॅनडात, फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलींना चिनी भाषेतील स्वरांचे चढउतार ऐकवले गेले. या मुलींना चिनी अजिबात येत नव्हती, तरी त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या मुलींसारखाच होता, केवळ फ्रेंच बोलणाऱ्यांसारखा नव्हता. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०१७ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात असे दिसले की, कोरियातून दत्तक आलेल्या प्रौढांना कोरियन व्यंजने पुन्हा शिकवली तेव्हा त्यांची प्रगती इतर डच प्रौढांपेक्षा सरस होती. त्यांत असेही काही होते जे सहा महिन्यांचे होण्याआधीच कोरिया सोडून आले होते. एकही शब्द उच्चारण्याच्या वयाआधी ऐकलेली भाषा तीसेक वर्षांनी अशी उपयोगी पडते, याचे मला आजही नवल वाटते.

हे ऐकणे किती लवकर सुरू होते, तेही सांगण्यासारखे आहे, कारण त्यात आपल्या वर्णमालेचा संबंध येतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांची बाळे त्यांतला फरक सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुधा ओळखता येत नव्हता. ज्या भाषेत तो फरक महत्त्वाचा नाही ती ऐकता ऐकता कान त्या भाषेप्रमाणे घडत गेला. मराठी माणसाच्या कानात ‘त’ आणि ‘ट’ ज्या वयात पक्के झाले, त्या वयाची त्याला कसलीच आठवण नसते. अशी गोष्ट ‘देऊन टाकणे’ म्हणजे नेमके काय देणे, हे मला सांगता येणार नाही.

म्हणून मी पहिली भाषा या अदलाबदलीत धरणारच नाही. जर्मनचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती मोठेपणी, अभ्यास करून मिळवलेली आहे. मेंदूला इजा झालेल्या बहुभाषिक रुग्णांमध्ये आधी कोणती भाषा परतते, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो यांच्या विचाराप्रमाणे सर्वांत आधी शिकलेली भाषा टिकून राहावी, तर फ्रेंच वैद्य आल्बेर पीत्र यांनी १८९५ मध्ये असे मांडले की, इजा होण्याच्या वेळी जी सर्वांत अधिक वापरात होती ती आधी परतते. दोन्ही मतांना पुष्कळ अपवाद सापडले आहेत. त्यांतून मला एवढे मात्र दिसते की, शिकण्याचा क्रम आणि वापर या दोन्हींनी भाषेचे स्थान ठरते आणि वापर थांबलेली, उशिरा शिकलेली भाषा सर्वांत सैल असते. जर्मन द्यायला तुम्ही निवडलीत ती याच कारणाने, असे मी समजतो.

माझे स्वतःचे उत्तर नकारार्थी आहे. ज्ञान राहील आणि शब्द जातील, ही तुमची दुसरी अट मला सर्वांत अवघड वाटते. जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी येईपर्यंत थांबायची सवय तुम्हाला वर्षानुवर्षांच्या भाषांतरांनी लावली असेल, आणि ती सवय तुमच्या मराठी वाचनातही असेल. तिला ज्ञान म्हणायचे की भाषा?

प्रतिसाद ३

वरील चर्चा आपण स्वतः निवड करतो असे धरून चालली आहे. माझ्या घरात ही अदलाबदल माझ्या जन्माआधीच झाली होती, म्हणून त्या बाजूने लिहिते.

माझ्या आजीची भाषा तुळू. आईला ती समजत असे, बोलताही येत असे, पण आजीने तुळूत विचारले की आई मराठीत उत्तर देई, आणि आम्हा मुलांशी तर दोघीही मराठीतच बोलत. कोणी सक्ती केली नव्हती. शाळा मराठी होती, शेजार मराठी होता आणि मुलांना पुढे इंग्रजी लागणार हे सगळ्यांना ठाऊक होते. मुलांवर आणखी एका भाषेचा भार नको, एवढाच त्यामागे विचार होता. त्याचा परिणाम असा, की मला तुळू संभाषणाचा सूर ओळखता येतो, रागावणे आणि लाड करणे समजते, पण एक वाक्य मला स्वतःहून जुळवता येत नाही. तुळू काही मरणपंथाला लागलेली भाषा नाही. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे. आमच्या घरापुरती मात्र ती संपली.

इतिहासात अशा अदलाबदली कशा घडल्या हे पाहिले, तर त्यांतल्या कित्येकांमागे धाक होता. एकोणिसाव्या शतकात वेल्समधील काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत, आणि दिवसाच्या शेवटी तो ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा होई. आयर्लंडमध्ये मुलाच्या गळ्यातल्या काठीवर तो आयरिश बोलला की खाच पाडीत, आणि खाचा मोजून शिक्षा ठरे. १८४५ नंतरच्या दुष्काळात मृत्यू आणि स्थलांतर यांनी आयरिश बोलणाऱ्या गरीब भागांची सर्वाधिक हानी केली. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे लोकसंख्येच्या जेमतेम चौथा हिस्सा उरले होते. जे राहिले त्यांतल्या असंख्य आईवडिलांनी मुलांना इंग्रजी यावी म्हणून आपली भाषा स्वतःच आखडती घेतली, कारण परदेशी जाणाऱ्या मुलाला तीच लागणार होती. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. तुळूच्या बदल्यात इंग्रजी देशील का, असे मला कोणी आज विचारले, तर माझे उत्तर नाही असेच आहे. माझा चरितार्थ इंग्रजीवर चालतो, आजी आता नाही, आणि तुळू आली तरी घरात तिला उत्तर देणारे कोणी नाही. माझे हे ‘नाही’ आणि त्या आईवडिलांचा निर्णय यांत फरक असेल तर तो फार थोडा आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पण एक गोष्ट मला धीर देते. आयल ऑफ मॅन बेटावरची मँक्स ही भाषा जन्मापासून बोलणारे शेवटचे मानले जाणारे गृहस्थ, नेड मॅड्रेल, १९७४ मध्ये वारले. त्यांचे बोलणे लोकांनी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, त्यांच्याशी बोलून काही तरुण मँक्स शिकले होते, आणि २००१ मध्ये तेथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात ही भाषा नामशेष झाल्याची नोंद होती. ते कळल्यावर त्या शाळेतल्या मुलांनी युनेस्कोला मँक्समध्येच पत्रे लिहिली आणि विचारले की, आमची भाषा नामशेष झाली असेल, तर आम्ही कोणत्या भाषेत लिहीत आहोत? २००९ मध्ये युनेस्कोने ती नोंद बदलली.

म्हणून प्रश्नकर्त्यांना विनंती एवढीच, की अदलाबदलीचा विचार करताना दिलेल्या भाषेत बोलणारे दुसरे कोणी उरते का, हेही पाहावे. तुम्ही जर्मन दिलीत, तर जर्मनला काही कमी पडणार नाही. माझ्या आईने तुळू दिली, तेव्हा आमच्या घरात ती पुढे नेणारे दुसरे कोणी नव्हते.

प्रतिसाद ४

मला या प्रश्नाची मांडणीच मान्य नाही. नवी भाषा घ्यायला जुनी का द्यावी? मेंदूत मोजक्या भाषांपुरतीच जागा असते असे कोठेही आढळलेले नाही. भाषा शिकताना खर्च होतो तो वेळ.

हा वेळ किती, याचा एक ढोबळ अंदाज उपलब्ध आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती भाषा यायला वर्गातले किती तास लागतात, याच्या अनुभवावर भाषांचे गट पाडते. फ्रेंच आणि स्पॅनिश सोप्या गटात येतात, जर्मनला त्याहून थोडे अधिक तास लागतात, फारसीला सुमारे ११०० आणि जपानी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२००. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे, आणि हिंदी त्याच फारसीच्या गटात आहे. ज्याला मराठी आणि हिंदी येते त्याच्याकडे फारसीतून आलेले शेकडो शब्द आधीच आहेत, आणि फारसीत नामांना लिंग नाही, त्यामुळे जर्मनच्या तीन लिंगांशी झगडलेल्या माणसाला तेवढा तरी दिलासा आहे. तुम्हाला ११०० तास लागणार नाहीत, असे मला ठामपणे वाटते. शिवाय इराणी भाषांवरचे पुष्कळ जुने, मोलाचे संशोधन जर्मनमध्ये आहे. फारसीसाठी जर्मन दिलीत, तर फारसीच्या अभ्यासातले एक उत्तम साधन हातचे जाईल.

प्रतिसाद ५

वरील मताला पूरक असे थोडे. लेखकाने भाषा बदलल्याची जी उदाहरणे नेहमी दिली जातात, त्यांत दिलेली भाषा प्रत्यक्षात गेलेली नसते. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी इंग्रजी कादंबरीकार म्हणून नाव मिळवल्यानंतर, १९७०च्या दशकाच्या अखेरीस तुरुंगात असताना, गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली, तीही शौचकूपाच्या कागदावर, आणि पुढेही कादंबऱ्या गिकुयूतच लिहिल्या. परंतु आपल्या बऱ्याच लेखनाचे इंग्रजी भाषांतर ते स्वतः करीत राहिले. इंग्रजीत नाव मिळवलेल्या लेखिका झुम्पा लाहिरी २०१२ मध्ये रोमला राहायला गेल्या आणि इटालियनमध्ये लिहू लागल्या, तरी इंग्रजी त्यांच्याकडे आहेच. त्यांनी बदलली ती लिहिण्याची भाषा, आणि तो निर्णय रोज नव्याने घ्यावा लागतो. प्रश्नकर्त्यांना जर्मन बाजूला ठेवून फारसीला वेळ द्यायचा असेल, तर तोही याच प्रकारचा निर्णय ठरेल.

मूळ प्रश्नकर्त्यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मी सर्व प्रतिसाद एकाहून अधिक वेळा वाचले.

वेळाचा हिशेब पटला, तरी तो माझ्या बाजूने नाही, हे नमूद करतो. वय साठीकडे झुकले आहे. नवी लिपी वाचताना डोळे लवकर थकतात आणि सकाळी पाठ केलेले शब्द संध्याकाळपर्यंत पुसट होतात. तरुण माणसाला ‘वेळ द्या’ हा सल्ला जितका सोपा वाटतो तितका तो या वयात राहत नाही. अदलाबदलीची कल्पना मला सुचली तीही बहुधा त्यामुळेच. तास देण्यासारखे नसले, तर माणूस दुसरे काय देता येईल ते शोधतो.

मन का कचरते, याचे उत्तर मात्र मला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतिसादांच्या मध्ये कोठेतरी सापडले. जर्मन गेली तर कोणाशी बोलणे तुटेल, याचा मी विचार केला. कोणाशीच नाही, हे उत्तर कायम राहिले. पण भाषांतर करताना मी वाक्य संपेपर्यंत थांबायला शिकलो, ही गोष्ट खरी आहे. मराठी वाक्यातही क्रियापद शेवटी येते, पण मातृभाषेत ते जाणवत नाही. जर्मनमध्ये ते जाणवले आणि मग मराठीतही जाणवू लागले. फारसी गझल ऐकताना शेराच्या शेवटापर्यंत धीर धरायची तयारी माझ्यात आहे, ती थोडीफार तेथूनच आली असावी. ज्या भाषेच्या जोरावर फारसीची ओढ समजते तीच फारसीसाठी देणे मला आता पटत नाही, म्हणून मी माझा कल बदलतो. जर्मन राहील. फारसीचे वर्ग या महिन्यात सुरू करतो आहे आणि पहिले व्याकरणाचे पुस्तक जर्मन घेणार आहे.

पहिल्या प्रतिसादाच्या लेखिकांना एक विचारायचे आहे. अदलाबदल तर होणार नाही. मग आपण सांकेतिक भाषा शिकता आहात का, आणि कशी?

प्रतिसाद १ च्या लेखिकेचे उत्तर

हो, शिकते आहे. आपल्यासारख्या प्रौढ विद्यार्थ्याच्या उपयोगाचे वाटते ते लिहिते.

शिक्षक स्वतः कर्णबधिर असावेत, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. आमच्या बाई वर्गात शब्द उच्चारत नाहीत, त्यामुळे मला मनातल्या मनात मराठीत भाषांतर करण्याची सोय उरत नाही. सुरुवातीला मी हातांकडे टक लावून पाहत असे आणि खुणा सुटून जात. मग बाईंनी शिकवले की नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवायची, हात नजरेच्या कडेला आपोआप दिसतात. चेहऱ्यावर व्याकरण असते. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर अपेक्षित असलेला प्रश्न अनेक सांकेतिक भाषांत भुवया उंचावून विचारतात, आणि भुवया पाहिल्या नाहीत, तर प्रश्न विधानासारखा वाटतो. दुसरे असे, की तोंडाने मराठी बोलत एकाच वेळी खुणा करायच्या नाहीत. तसे केले की खुणा मराठीच्या क्रमाने लागतात, अर्ध्या गळतात, आणि समोरच्या कर्णबधिर माणसाला तुटक काहीतरी मिळते. घरातल्या सगळ्यांना नेमकी हीच सवय होती, त्यात भाचीची आईही आली.

वर्षानुवर्षे येणारी फ्रेंच अजून माझ्याजवळ आहे, आणि आता मला ती द्यावीशी वाटते का, याचे उत्तर तुमच्या अटींनुसार अजूनही होकारार्थी आहे. तुमचे आणि माझे उत्तर वेगळे येण्याचे कारण मला सरळ दिसते. फारसी कविता तुमची वाट पाहू शकते. नऊ वर्षांची मुलगी तशी थांबू शकत नाही. तिच्या गोष्टी आता मला साधारण समजतात. ती भरभर सांगू लागली की मी हात वर करून सावकाश सांगायला विनवते, आणि ती न रागावता पुन्हा पहिल्यापासून सांगते. पुढच्या तुकडीत माझा भाऊ आणि आमचे वडील या दोघांची नावे घातली आहेत.